बीटल्स-वृंद आणि त्याचे परीक्षक

इ. स. १९७१ च्या एप्रिल महिन्याच्या १५ व्या तारखेस लॉस एंजेलिस येथें ऑस्कर पारितोषिकांचा वार्षिक समारंभ चालला होता. चित्रपटांतील मूळ गीतसंगीताच्या विभागांत 'लेट इट बी' हें नांव पुकारलें गेलें, टाळ्या झाल्या, आणि पारितोषिक घेण्यास जे गृहस्थ व्यासपीठावर आले ते विजेत्यांपैकीं कोणी नव्हते. ते होते अमेरिकेंतील नामांकित संगीतकार क्विन्सी जोन्स. ज्यांच्या नांवें तो बहुमान दिला जात होता त्या जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांपैकीं एकहि तेथें हजर नव्हता. चौघांचा वृंद मोडून वर्ष उलटलें होतें. भागीदारी कायदेशीर रीतीनें संपुष्टांत यावी म्हणून मॅकार्टनी यांनीं इतर तिघांविरुद्ध लंडनच्या हायकोर्टांत दावा लावला होता, आणि न्यायमूर्तींनीं महिन्यापूर्वींच त्या भागीदारीचा कारभार रिसीव्हरच्या हातीं सोंपविला होता. वर बेपत्ता, वऱ्हाड भांडणांत, आणि मंगलाष्टकें मात्र यथासांग, असा तो प्रकार होता.

बीटल्सची कथा आतां जुनी झाली. लिव्हरपूल बंदरांतल्या चार तरुणांनीं १९६२ पासून १९७० पर्यंतच्या अवघ्या आठ वर्षांत लोकप्रिय इंग्रजी गाण्याची घडण कशी बदलून टाकली, याविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांना मिळालेल्या पारितोषिकांच्या याद्याहि जागोजागीं छापलेल्या आहेत. परंतु त्या याद्या वाचतांना आम्हांस नेहमीं एक चमत्कारिक गोष्ट जाणवत आली आहे. ज्या कृतींमुळें हा वृंद आज स्मरणांत आहे त्यांपैकीं पुष्कळींना परीक्षकांनीं बाजूस सारलें. आणि ज्या गोष्टी सामान्य श्रोत्याच्या ध्यानींमनींहि नसतात, म्हणजे ध्वनिमुद्रणाचें कसब किंवा तबकडीच्या वेष्टनावरील चित्र, त्या मात्र अचूक पारखून त्यांचा मान केला. एकाच परीक्षकमंडळास एकीकडे इतकें अंधत्व आणि दुसरीकडे इतकी सूक्ष्म दृष्टि कशी, हा प्रश्न आम्हांस पदकांच्या संख्येपेक्षां अधिक विचारणीय वाटतो.

हें परीक्षकमंडळ कोणाचें होतें, तें प्रथम पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत ध्वनिमुद्रणकलेची राष्ट्रीय ॲकॅडमी १९५७ सालीं स्थापन झाली. तिचे संस्थापक मोठमोठ्या रेकॉर्ड-कंपन्यांचे अधिकारी होते. 'ग्रॅमी' या नांवानें ओळखलीं जाणारीं तिचीं पारितोषिकें १९५९ च्या मे महिन्यांत प्रथम वांटलीं गेलीं. (हें नांव ग्रामोफोनवरून पडलें, पारितोषिकाची आकृतीहि जुन्या कर्ण्याच्या ग्रामोफोनचीच आहे.) येथें एक भेद लक्षांत ठेवावा. किती तबकड्या खपल्या याचा हिशेब करून सोन्याची तबकडी देण्याची चाल निराळी. ती बाजाराची पावती. आपल्या नाट्यगृहांतला 'वन्समोअर' जसा प्रेक्षकांच्या हातीं, तशी ती गिऱ्हाइकांच्या हातीं. ग्रॅमीचें मत मात्र धंद्यांतल्या लोकांचें. गायक, वादक, गीतकार, स्वरयोजक, ध्वनिमुद्रक हे तिचे सभासद, आणि तेच मतदार.

१९५९ सालीं रॉक अँड रोल हा प्रकार अमेरिकेच्या घराघरांत पोंचून कांहीं वर्षें झालीं होतीं; तरी ॲकॅडमीच्या पहिल्या यादींत त्या नांवाचा विभागच नव्हता. तो १९६२ सालीं निघाला, आणि त्यांतील पहिला मान चबी चेकर यांच्या ट्विस्ट-नाचाच्या गाण्यास मिळाला. एल्व्हिस प्रेस्ली हे या संगीताचे सर्वांत मोठे गायक. त्यांना उभ्या आयुष्यांत स्पर्धेंतलीं तीन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं, आणि तीं तिन्हीं भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रिकांबद्दल! चर्चमधलीं भजनें गाणारे एल्व्हिस परीक्षकांस चालले. ज्या एल्व्हिसनीं साऱ्या तरुण पिढीस वेड लावलें ते चालले नाहींत.

या नावडीचें मूळ केवळ वयाच्या अढींत शोधून भागणार नाहीं. त्या काळच्या अमेरिकन गायनव्यवसायाची एक बसलेली घडी होती. गीत एकानें लिहावें, चाल दुसऱ्यानें बांधावी, तिसऱ्यानें ती वाद्यवृंदासाठीं मांडून द्यावी, ठराविक मजुरीवर येणाऱ्या निष्णात वादकांनीं ती कागदावरून वाजवावी, आणि मग नामांकित गायकानें येऊन गावी, अशी कामाची वांटणी असे. या साखळींतील प्रत्येक दुवा ॲकॅडमीच्या मतदारांत होता. आपलीं गाणीं आपणच रचणारे, आपणच वाजविणारे आणि आपणच गाणारे चार तरुण आले म्हणजे या साऱ्या पंगतीच्या पोटावर पाय येणार, हें समजण्यास फार मोठी दूरदृष्टि लागत नव्हती. मतदारांनीं द्वेषानें मतें दिलीं असें आम्ही म्हणत नाहीं. माणूस ज्या कसबांत मुरलेला असतो त्याच कसबाच्या मापानें दुसऱ्याचें काम मोजतो, एवढेंच येथें घडलें. आणि पुढील सर्व यादीची किल्ली आमच्या मतें यांतच आहे.

१९६४ च्या फेब्रुवारींत बीटल्स प्रथम अमेरिकेंत उतरले. ४ एप्रिल १९६४ च्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या कोष्टकांत पहिलीं पांचहि गाणीं त्यांचींच होतीं. बाजाराचा कौल इतका स्पष्ट असतां ॲकॅडमीस डोळे मिटून बसणें शक्य नव्हतें. १३ एप्रिल १९६५ रोजीं गतवर्षाचे निकाल जाहीर झाले, त्यांत बीटल्सना दोन पारितोषिकें होतीं: एक उत्तम नवोदित कलावंत म्हणून, आणि दुसरें 'अ हार्ड डेज नाइट' या गाण्यांतील वृंदगायनाबद्दल. रॉक अँड रोलच्या विभागांत मात्र निराळाच निकाल लागला. तो मान पेटुला क्लार्क यांच्या 'डाउनटाउन' या गाण्यास गेला. गाणें गोड आहे, त्याची वाद्यवृंदरचना भरदार आहे, परंतु १९६४ सालचें उत्तम रॉक अँड रोल म्हणून कोणी त्याकडे बोट दाखवील असें आम्हांस वाटत नाहीं. बीटल्सना 'गायकवृंद' या जुन्या, ओळखीच्या कप्प्यांत बसवून परीक्षकांनीं आपली अडचण सोडविली. चौघे त्या वेळीं लंडनजवळच्या ट्विकनहॅम स्टुडिओंत 'हेल्प!' या चित्रपटाच्या कामांत गुंतले होते. विनोदी नट पीटर सेलर्स यांनीं तेथेंच जाऊन तें पारितोषिक त्यांच्या हातीं ठेवलें, आणि त्याचें चित्रण मे महिन्यांत अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आलें.

इंग्लंडांतील गीतकारांचीं आयव्हर नॉव्हेलो पारितोषिकें या मानानें अधिक सरळ होतीं. १९६३ सालच्या कामगिरीबद्दल त्यांनीं जो खास गौरव केला तो चौघांबरोबर त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन व ध्वनिमुद्रिकांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्याहि नांवें केला. डेक्का कंपनीनें १९६२ च्या आरंभीं परीक्षा घेऊन नाकारलेल्या या पोरांस दारोदार घेऊन हिंडणारा माणूस कोण, आणि त्यांच्या ओबडधोबड चालींना घाट देणारा कोण, हें घरच्या लोकांस ठाऊक होतें.

सरकारदरबारीं मात्र तेवढी जाण दिसली नाहीं. १९६५ च्या जूनमध्यें राणीच्या सन्मानयादींत चौघांचीं नांवें एम्. बी. ई. या पदवीसाठीं झळकलीं. यादी पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांच्या शिफारशीची, आणि विल्सन यांचा मतदारसंघ लिव्हरपूललाच लागून. तेव्हां या गुणग्राहकतेंत राजकारणाचा अंश किती हें ज्यानें त्यानें ठरवावें. एप्स्टाइन यांचें नांव त्या यादींत नव्हतें. पूर्वीं हीच पदवी मिळालेल्या कांहीं जणांनीं, त्यांत युद्धांत शौर्य गाजविलेले लोकहि होते, गाणाऱ्या पोरांच्या पंक्तीस बसणें नको म्हणून आपलीं पदकें परत धाडलीं. चौघांनीं २६ ऑक्टोबर १९६५ रोजीं बकिंगहॅम राजवाड्यांत जाऊन मान स्वीकारला. लेनन यांनीं आपलें पदक, ज्या मिमी मावशींनीं त्यांना लहानाचें मोठें केलें, त्यांच्या घरीं ठेवावयास दिलें. आणि चार वर्षांनीं, २५ नोव्हेंबर १९६९ रोजीं, तें तेथून मागवून घेऊन राजवाड्यावर परत केलें. सोबतच्या पत्रांत कारणें तीन होतीं: नायजेरिया-बिआफ्रा प्रकरणांतील ब्रिटनचा हात, व्हिएतनाममध्यें अमेरिकेस दिलेला पाठिंबा, आणि आपली 'कोल्ड टर्की' ही तबकडी खपाच्या कोष्टकांत खालीं घसरत असल्याबद्दलचा निषेध! तिसऱ्या कारणानें पुष्कळांचा संताप झाला. आम्हांस मात्र तें कारण त्या पत्रांत असावें हेंच योग्य वाटतें. पदक व्यापारासाठीं दिलें गेलें होतें ही शंका त्याहून नेमक्या शब्दांत मांडतां आली नसती.

आतां पुन्हां ॲकॅडमीकडे वळूं. १९६६ सालचें निकालपत्रक वाचण्यासारखें आहे. 'हेल्प!' ही लाँग-प्ले तबकडी वर्षांतील सर्वोत्कृष्ट संग्रहाच्या स्पर्धेंत होती. 'येस्टरडे' हें गीत दोन मुख्य विभागांत होतें. याशिवायहि कित्येक विभागांत बीटल्सचें नांव होतें. मिळालें काय? कांहीं नाहीं. संग्रहाचा मान फ्रँक सिनात्रा यांच्या 'सप्टेंबर ऑफ माय इयर्स' या तबकडीस, गीताचा मान 'द शॅडो ऑफ युअर स्माइल' या चित्रपटगीतास, आणि वृंदगायनाचा मान अनिता कर सिंगर्स या मंडळींस गेला. सिनात्रांची ती तबकडी हलकी नव्हे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेल्या गायकानें ढळत्या वयाविषयीं गाइलेलीं तीं गाणीं आम्हांसहि आवडतात. परंतु मतदारहि त्याच उंबरठ्यावर उभे होते, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

पुढील वर्षीं, १९६७ मध्यें, दार किलकिलें झालें. 'मिशेल' हें वर्षांतील सर्वोत्कृष्ट गीत ठरलें, आणि 'एलिनॉर रिग्बी' या गाण्याबद्दल मॅकार्टनी यांस एकल गायनाचें पारितोषिक मिळालें. या दुसऱ्या पारितोषिकाच्या विभागाचें नांव वाचकांनीं नीट पाहावें: 'समकालीन (रॉक अँड रोल) गायन'. आतां गाणें कसें आहे? त्यांत गिटार नाहीं, ड्रम नाहीं. चौघांपैकीं एकाहि बीटलनें त्यांत वाद्य वाजविलेलें नाहीं. चार व्हायोलिनें, दोन व्हिओला आणि दोन चेलो अशा आठ तंतुवाद्यांची जॉर्ज मार्टिन यांनीं बांधलेली साथ, आणि तीवर मॅकार्टनी यांचा आवाज. एकाकी म्हाताऱ्या माणसांचें हें शोकगीत असामान्य आहे यांत शंका नाहीं. परंतु रॉक अँड रोल म्हणून गौरवावयास परीक्षकांनीं नेमकें तेंच गाणें निवडलें ज्यांत रॉक अँड रोलचें एकहि वाद्य नव्हतें! 'मिशेल'ची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. फ्रेंच शब्दांची झालर लावलेलें तें हळुवार प्रेमगीत कोणत्याहि हॉटेलांतल्या वाद्यवृंदास सहज वाजवितां येण्याजोगें होतें, आणि पुढें तसें तें असंख्य ठिकाणीं वाजलेंहि. रॉक अँड रोलच्या उत्तम ध्वनिमुद्रिकेचा त्या वर्षींचा मान तर 'विंचेस्टर कॅथीड्रल' या गाण्यास मिळाला. कर्ण्यांतून गाणाऱ्या १९२० च्या सुमारच्या गायकांची ती गंमतीदार नक्कल होती. वडील मंडळींनीं आपल्याच तरुणपणाचें विडंबन नव्या संगीताच्या नांवें बक्षीस देऊन घरीं नेलें.

त्याच वर्षीं 'रिव्हॉल्व्हर' हा बीटल्सचा संग्रह, ज्यास आज कित्येक जाणते त्यांचा सर्वश्रेष्ठ संग्रह मानतात, सिनात्रांच्याच 'अ मॅन अँड हिज म्यूझिक' या संग्रहापुढें पडला. मात्र त्याच्या वेष्टनाच्या चित्राबद्दल क्लाउस फोरमन यांस पारितोषिक मिळालें. फोरमन हे चौघांचे हँबर्गमधल्या हलाखीच्या दिवसांपासूनचे मित्र. काळ्या शाईच्या रेषांनीं काढलेले चार चेहरे, आणि त्यांच्या केसांच्या गुंत्यांतून डोकावणारीं छायाचित्रांचीं कात्रणें, असें तें चित्र. जें परीक्षकांच्या कानास पटलें नाहीं तें त्यांच्या डोळ्यांस पटलें.

अखेर २९ फेब्रुवारी १९६८ रोजीं 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' या संग्रहास वर्षांतील सर्वोत्कृष्ट संग्रहाचा मान मिळाला. रॉक-संगीताच्या संग्रहास तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. याशिवाय समकालीन संग्रहाचें पारितोषिक बीटल्सना, वेष्टनाचें पीटर ब्लेक व जॅन हॅवर्थ या चित्रकारांना, आणि ध्वनिमुद्रणाचें जेफ एमरिक यांना, अशीं एकंदर चार पारितोषिकें त्या एका तबकडीच्या वांट्यास आलीं. या चारांपैकीं शेवटचें आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें, आणि त्याविषयीं थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे.

एमरिक हे लंडनच्या ई. एम. आय. कंपनीचे नोकर. 'रिव्हॉल्व्हर'चें काम त्यांच्याकडे आलें तेव्हां ते अवघे वीस वर्षांचे होते. कंपनीचे नियम कडक. मायक्रोफोन वाद्यापासून किती अंतरावर ठेवावा हेंसुद्धां ठरलेलें. या मुलानें तो मायक्रोफोन ड्रमच्या अगदीं जवळ नेला, आणि मोठ्या ड्रमच्या पोटांत एक लोंकरीचा स्वेटर कोंबला. आपल्याकडे पखवाजाचा खर्ज घुमावा म्हणून त्याच्या डाव्या अंगास कणीक लावतात. तिकडे घुमारा आवरून ठोका घट्ट करावयाचा होता म्हणून स्वेटर आला. हेतु उलट, पण वाद्याच्या अंगाशीं झटून नाद साधण्याची वृत्ति एकच. लेनन यांना आपला आवाज दूरच्या डोंगरमाथ्यावरून आल्यासारखा हवा होता, तर तो ऑर्गनच्या फिरत्या ध्वनिक्षेपकांतून काढून पुन्हां मुद्रित केला. 'सार्जंट पेपर'च्या वेळीं हातांत यंत्र काय, तर फितीवर फक्त चार ध्वनिमार्ग असलेलें. चार भरले कीं ते मिसळून दुसऱ्या यंत्राच्या फितीवर उतरावयाचे, आणि तेथें पुन्हां नवे सूर चढवावयाचे. एकदां मिसळलेलें पुन्हां वेगळें करतां येत नाहीं, म्हणून प्रत्येक मिश्रणाच्या वेळीं पुढचें सारें गाणें डोक्यांत असावें लागे. संग्रहाच्या अखेरच्या गाण्यासाठीं १० फेब्रुवारी १९६७ रोजीं चाळीस वादक बोलावून, खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत ज्यानें त्यानें आपापल्या गतीनें चढत जावें, असें त्यांस सांगण्यांत आलें. ज्यांनीं जन्मभर कागदावर लिहिलेला स्वर चुकविला नाहीं अशा त्या वादकांना हा हुकूम किती विचित्र वाटला असेल! त्याच गाण्याच्या शेवटीं कित्येक पियानोंवर एकदम दाबलेला एक स्वरमेळ आहे. तो विरत जाईल तसतशी एमरिक यांनीं यंत्राची ग्रहणशक्ति वाढवीत नेली, आणि त्यामुळें तो चाळीस सेकंदांहूनहि अधिक काळ ऐकूं येत राहतो. कान देऊन ऐकलें तर शेवटीं खुर्चीची करकरसुद्धां ऐकूं येते.

सामान्य श्रोत्यास यांतील कांहीं ठाऊक नव्हतें. एमरिक हें नांवहि ठाऊक नव्हतें. पण ॲकॅडमीच्या मतदारांत जे रोज त्याच खोल्यांत, त्याच यंत्रांपाशीं राबत होते, त्यांना एका तबकडींत कळलें. चार ध्वनिमार्गांवर हें साधलें कसें, याचा विचार करीत त्यांपैकीं कित्येकांनीं ती पुन्हां पुन्हां लावून पाहिली असेल. दोन वर्षांनीं 'ॲबी रोड' या संग्रहाच्या वेळीं हाच प्रकार झाला. संग्रहाचा मान 'ब्लड, स्वेट अँड टिअर्स' या वृंदाच्या संग्रहास गेला. 'ॲबी रोड'ला मिळालें तें ध्वनिमुद्रणाचें पारितोषिक, एमरिक व फिल मॅक्डॉनल्ड यांच्या नांवें. ज्या कसबाचें माप परीक्षकांच्या हातीं होतें तेथें त्यांचा निवाडा चुकला नाहीं. जेथें तें माप अपुरें होतें तेथें त्यांनीं सिनात्रांचा आधार घेतला.

१९६८ च्या त्याच समारंभांतील आणखी एक निकाल आपल्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. पंडित रविशंकर आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या 'वेस्ट मीट्स ईस्ट' या तबकडीस त्या रात्रीं पारितोषिक मिळालें. विभाग कोणता? 'चेंबर म्यूझिक'चा, म्हणजे युरोपांतील अभिजात संगीताच्या लहान वाद्यमेळांचा. रागसंगीतासाठीं कप्पा नव्हता म्हणून सतारीस बीथोव्हेनच्या चौकडी-वादनाशेजारीं जागा करून दिली. बीटल्सना 'गायकवृंद' ठरविणारी जी बुद्धि, तीच ही. फरक एवढाच कीं येथें चूक मानाच्या बाजूनें झाली.

आणि या दोन विजेत्यांचा एकमेकांशीं संबंध होता. हॅरिसन हे १९६६ च्या सप्टेंबरांत मुंबईस येऊन ताजमहाल हॉटेलांत उतरले होते, तें रविशंकरांपाशीं सतार शिकण्यासाठीं. 'सार्जंट पेपर'मधील त्यांचें 'विदिन यू विदाउट यू' हें गाणें त्या शिक्षणाचें फळ. त्यांत इतर तिघे बीटल नाहींतच. लंडनमध्यें राहणारे भारतीय वादक दिलरुबा, तबला, तंबोरा घेऊन बसले आहेत, आणि दिलरुबा गायकाच्या आवाजामागें सावलीसारखी चालली आहे. आपल्या मैफलींत सारंगी चालते तशीच ती चाल, ऐकणाऱ्यास ओळखूं येण्याजोगी. या वादकांचीं नांवें मात्र त्या बक्षीसपात्र वेष्टनावर नव्हतीं. वेष्टनावर साठांहून अधिक नामांकित स्त्रीपुरुषांचे चेहरे आहेत, आंत ज्यांनीं वाजविलें त्या आपल्या माणसांचा उल्लेख नाहीं. आणि ॲकॅडमीच्या चार पारितोषिकांपैकीं एकहि त्यांच्यापर्यंत पोंचलें नाहीं. कसबाची पारख करणाऱ्या मतदारांची दृष्टि येथें थांबली.

पुढें १९६८ च्या जानेवारींत हॅरिसन पुन्हां मुंबईस आले, आणि 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठीं एच. एम. व्ही. च्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यांनीं शिवकुमार शर्मा, आशिष खां इत्यादि वादकांस घेऊन कित्येक दिवस काम केलें. 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याची साथहि त्याच मुक्कामांत मुंबईस मुद्रित झाली. महिन्याभरानें ॲकॅडमीनें आपला सर्वांत मोठा मान जाहीर केला, त्या वेळीं बीटल्स अमेरिकेंत नव्हते, इंग्लंडांतहि नव्हते. ते ऋषिकेशास महर्षि महेश योगी यांच्या आश्रमांत ध्यानधारणा करीत बसले होते. गुरुशिष्यांना एकत्र मान मिळण्याचा योग पुढें १९७३ सालीं आला. बांगला देशच्या निर्वासितांसाठीं १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें रविशंकर व हॅरिसन यांनीं जो जलसा केला, त्याच्या ध्वनिमुद्रणास त्या वर्षींचा सर्वोत्कृष्ट संग्रहाचा ग्रॅमी बहुमान मिळाला. त्यांत रिंगो स्टार यांचाहि भाग होता.

येथवर आल्यावर १९७१ च्या वसंतांतील तीं दोन पारितोषिकें नीट समजतात. वृंद हयात असतां, वृंदाच्या नांवें ॲकॅडमीनें एकंदर चार पारितोषिकें दिलीं होतीं: १९६५ सालीं दोन आणि १९६८ सालीं दोन. 'हे ज्यूड' हात हालवीत परत आलें. त्याच्यावर 'मिसेस रॉबिन्सन'नें मात केली. पांचवें आलें तें १६ मार्च १९७१ रोजीं, 'लेट इट बी'च्या चित्रपटसंगीताबद्दल, आणि तें घेण्यास मॅकार्टनी स्वतः गेले. चारच दिवसांपूर्वीं, १२ मार्चला, हायकोर्टानें त्यांच्या बाजूनें हुकूम दिला होता. त्या दाव्यांतील त्यांच्या तक्रारींपैकीं एक अशी कीं 'लेट इट बी' या संग्रहांतल्या आपल्या एका गाण्यावर फिल स्पेक्टर यांनीं आपणांस न विचारतां तंतुवाद्यें आणि स्त्रियांचे आवाज चढविले. ज्या संगीताविषयीं कोर्टांत तक्रार केली त्याच संगीताबद्दल त्यांनीं हात पुढें करून बक्षीस घेतलें. यांत दांभिकपणा पाहणारे पाहोत. आम्हांस तर त्यांत मोडलेल्या घरांतून आपलें एखादें भांडें घेऊन निघालेल्या माणसाचें चित्र दिसतें. महिन्यानें आलेल्या ऑस्करसाठीं तेहि गेले नाहींत. तो चित्रपट पाहिलेल्यांस ठाऊकच आहे कीं त्यांत चौघांच्या गाण्याइतकाच त्यांचा बेबनाव चित्रित झाला आहे.

त्यानंतरचे बहुमान श्राद्धपक्षांतल्यासारखे आहेत, आणि त्यांची मोजदाद करण्यांत अर्थ नाहीं. १९७७ सालीं राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ब्रिटिश रेकॉर्ड-व्यवसायानें मागील पंचवीस वर्षांतला उत्तम वृंद म्हणून बीटल्सना, उत्तम संग्रह म्हणून 'सार्जंट पेपर'ला आणि उत्तम निर्माते म्हणून मार्टिन यांना निवडलें. १९८८ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें रॉक अँड रोलच्या कीर्तिमंदिरांत वृंदाचा प्रवेश झाला, तेव्हां लेनन यांस दिवंगत होऊन सात वर्षें झालीं होतीं. हॅरिसन व स्टार आले, लेनन यांच्या पत्नी योको ओनो आल्या, आणि व्यवहाराचे जुने तंटे मिटले नसतां हंसतमुखानें एकत्र उभें राहणें आपल्यास जमणार नाहीं म्हणून मॅकार्टनी आले नाहींत. १९९७ सालीं लेनन यांच्या जुन्या फितीवर बाकीच्या तिघांनीं पुरें केलेल्या 'फ्री ॲज अ बर्ड' या गाण्यास ग्रॅमी मिळालें.

राहिला तो २ फेब्रुवारी २०२५ चा निकाल. लेनन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या आपल्या घरीं पियानोवर बसून एका साध्या कॅसेटवर एक अपुरें गाणें म्हणून ठेवलें होतें. १९९५ मध्यें तिघांनीं तें पुरें करण्याचा यत्न केला, पण आवाज आणि पियानो एकमेकांत इतके मिसळलेले होते कीं काम सोडून द्यावें लागलें. एमरिक यांच्या काळीं जें सर्वथैव अशक्य होतें, म्हणजे एकदां मिसळलेले सूर पुन्हां वेगळे करणें, तें नव्या संगणकविद्येनें साधलें; लेनन यांचा आवाज पियानोंतून सोडवून घेण्यांत आला, २००१ सालीं निवर्तलेल्या हॅरिसन यांची १९९५ ची गिटार त्यास जोडली, मॅकार्टनी व स्टार यांनीं उरलेलें भरलें, आणि 'नाउ अँड देन' हें गाणें २ नोव्हेंबर २०२३ रोजीं प्रसिद्ध झालें. ॲकॅडमीनें त्यास जें पारितोषिक दिलें त्या विभागाचें नांव 'उत्तम रॉक-वादनगायन' असें आहे. पहिल्या ग्रॅमीनंतर साठ वर्षांनीं वृंदाच्या नांवापुढें तो शब्द परीक्षकांनीं लिहिला. मॅकार्टनी आणि स्टार त्या रात्रीं तेथें नव्हते. बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आले ते लेनन यांचे धाकटे चिरंजीव शॉन. बापानें ती कॅसेट भरली तेव्हां ते त्या घरांत खेळणारें लहान मूल होते.